एककान्या मेला त्या दिवशी

पुस्तकं माणसाला हळवं करतात, असं शिकलेले लोक सांगतात. करतात की! पण कुणासाठी हळवं करतात, हे त्यांना कुणी विचारत नाही. फर्निचरच्या कारखान्यातल्या पॉलिशवाल्याला विचारा.

पॉलिशवाला त्रेचाळीस वर्षांचा, सडाफटिंग, चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहणारा. हात असा, की त्यानं घासलेल्या टेबलात गिऱ्हाईक स्वतःचे दात मोजून घेई. चपड्याचं पॉलिश एका दमात होत नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाच्या बोळ्यानं एक हात मारायचा आणि तो सुकेपर्यंत थांबायचं. चांगला पाऊण तास. तेवढ्या वेळात खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, कारण धूळ उडाली की मेहनत पाण्यात. दार लावून एकट्यानं बसायचं. बाकीचे पॉलिशवाले या पाऊण तासात घोरतात. हा वाचायचा.

काय वाचायचा, ते मात्र कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. एकाच कथेचे सहा भाग, एकेक भाग उशीएवढा जाड. त्यात एक राज्य होतं, तिथला सूर्य दरवर्षी थोडा लहान होत चाललेला. उरलेल्या उजेडासाठी राजे एकमेकांची पोरंबाळं कापत होते. जो चांगला तो आधी मरे, जो वाईट तो सावकाश मरे, एवढाच काय तो न्याय. राक्षस होते, पण माणसांपुढे ते बिचारे वाटत. लिहिणाऱ्याला दयामाया नव्हती आणि पॉलिशवाल्याला नेमकी त्याचीच चटक लागली होती. पान उलटायला हात धजायचा नाही, आणि तरी उलटायचाच. खोलीतून बाहेर आलं की जिवंत माणसं त्याला फिकी दिसायची. मिस्त्री बिजागऱ्यांबद्दल बोलत असायचा, हा मान डोलवायचा आणि मनात खिंडीतलं बर्फ तुडवत असायचा.

लाजही तेवढीच होती. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर आणि पुस्तक घासकागदाच्या खोक्यात, तळाशी. याला कारण थोरला भाऊ. पहिल्या भागाच्या वेळी दादानं त्याच्या खोलीत ते पाहिलं होतं. मुखपृष्ठावर मुकुट घातलेली कवटी.

"राक्षसांच्या गोष्टी?" दादा म्हणाला होता. "अरे, दाढी पिकली तुझी! आता काय, रात्री दिवा लावून झोपतोस?"

दादा हसला, वहिनी हसली. वाईट बुद्धीनं नाही. पण याला ते झोंबलं, आणि दीड वर्ष हा दादाच्या घरी फिरकला नाही. दादा राहायचा दोन बसथांबे पलीकडे. आईबाप लवकर गेल्यावर याच दादानं स्वतःची शाळा सोडून याला वाढवलं होतं. ते सगळं एका हसण्यात वाहून गेलं. माणूस एवढा कोता असतो, आणि वर स्वतःला मानी म्हणवून घेतो.

पाचव्या भागाच्या शेवटाकडे एककान्या मेला.

एककान्या म्हणजे किल्ल्याच्या दारावरचा पहारेकरी. एक कान तुटलेला, राजांच्या खिजगणतीत नसलेला. पाच भाग तो तगला होता. पॉलिशवाल्याला वाटायचं, याच्याकडे लेखकाचं लक्षच नाही, हा वाचेल. तापानं फणफणलेल्या धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन एककान्या अकरा दिवस खिंड चढतो. माथ्यावर पोचेपर्यंत धाकट्याचा ताप उतरतो आणि एककान्याचे पाय संपतात. धाकटा त्याला खडकाला टेकवून बसवतो, त्याच्या अंगातला कोट काढून स्वतः घालतो आणि पुढे निघून जातो. मदत आणायला गेला, असं एककान्या धरून चालतो. बर्फाला सांगत बसतो, येतोच आहे तो, वाटेतच असेल. दोन पानं तो वाट बघतो. तिसऱ्या पानावर तो नसतो.

पॉलिशवाला उभ्यानंच वाचत होता, सहा खुर्च्यांच्या जेवणाच्या टेबलावर ओणवा होऊन. नुकताच हात मारलेला, ओला. आपण रडतोय हे त्याला कळलंसुद्धा नाही. ओल्या चपड्यावर पाणी पडलं की पांढरा डाग उठतो, हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. आठ डाग पडले.

दार ढकलून मिस्त्री आत आला. पुस्तक खोक्यात गेलं, पण डाग कुठे जाणार?

"हे काय केलंस?" मिस्त्री टेबलावर वाकला. "पाणी कुठून आलं? छत गळतंय का?" त्यानं वर पाहिलं, मग याच्या तोंडाकडे पाहिलं. "अरे... काय झालं रे?"

त्रेचाळीस वर्षांच्या बाप्यानं काय सांगायचं? कागदावरचा एक पहारेकरी मेला म्हणून? सगळा कारखाना रंधे टाकून हसायला आला असता. त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं.

"दादा गेला."

म्हणताना त्याला पुन्हा हुंदका आला. तो हुंदकाही एककान्याचाच होता.

मिस्त्री तोंडाचा फाटका, पण मनाचा लोण्यासारखा. त्यानं याच्या खांद्यावर हात ठेवला. "कधी?"

"काल."

"आणि आज कामावर आलास? गाढवा! घरी जा. तीन दिवस तोंड दाखवू नकोस. टेबल मी बघतो."

त्यानं खरंच बघितलं. बाप्या साठीचा, गुडघे धरलेले, पण बाहेर कुणाला कळू न देता त्यानं स्वतः ते टेबल घासून कोरं केलं.

आणि पॉलिशवाल्यानं त्या तीन दिवसांत काय केलं? मान खाली घालून बसला? दादाकडे गेला? अहो, त्यानं सहावा भाग उघडला. फोन बंद केला, दाराला कडी घातली आणि आडवा पडून वाचत सुटला. मधूनमधून लाज वाटायची, नाही असं नाही. जिवंत भावाला मारून मिळवलेली सुट्टी, हे त्याच्या मनात यायचं. मग तो पुढचं पान उलटायचा. पान उलटलं की लाज दोन ओळी मागे राहायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. शेजारीण असेल म्हणून त्यानं बोट पानात ठेवूनच कडी काढली.

दारात दादा.

दादा अर्धा झाला होता. शर्ट खांद्यावरून ओघळलेला, ओठ निळसर, एक हात चौकटीला. श्वास लागल्यामुळे त्याला बोलता येईना. बोलण्याआधी त्यानं धाकट्याला छातीशी धरलं. त्या छातीवर, शर्टाच्या आत, एक उभी कडक रेघ पॉलिशवाल्याला लागली. टाक्यांची. दोन महिन्यांपूर्वी दादाचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. वहिनीनं फोन केला होता, "भावजी, उद्या नेतायत यांना आत. तुम्ही येऊन गेलात तर बरं वाटेल त्यांना." हा म्हणाला होता, हंगाम आहे वहिनी, बघतो. ते बोलताना याचं बोट पुस्तकातल्या ओळीवर होतं. ओळ सुटू नये म्हणून.

"जिवंत आहे रे मी," दादा म्हणाला. हसत होता आणि डोळे भरलेले. "हात लावून बघ. कोणत्या मेल्यानं तुला सांगितलं मी गेलो म्हणून?"

"तू... चार मजले चढलास?"

"मग काय करू? फोन बंद. काल संध्याकाळी तुझा मिस्त्री आला आमच्याकडे, दुखवट्याला. मागे त्यानंच आमचं कपाट बसवलं होतं ना, घर त्याच्या लक्षात होतं. मी दार उघडलं तर म्हातारा जिन्यातच बसला!" दादा खाटेवर टेकला. "म्हणाला, टेबलभर रडला हो तो. आठ डाग पडले. मी म्हटलं, ऑपरेशनचं कुणीतरी याला उलटंसुलटं सांगितलं असणार. आणि हा वेडा खातरजमा न करता रडत बसला असणार."

पॉलिशवाल्यानं पानातलं बोट काढलं आणि पुस्तक मिटलं.

"मी तुझ्याबद्दल काय काय बोललो होतो, माहितीय?" दादा म्हणाला. "दवाखान्यात पडल्यापडल्या. दगड आहे म्हटलं. वाढवला आणि दगड निघाला. तुझी वहिनी गप्प करायची मला. कालपासून तीच मला टाकून बोलतेय. बघा, म्हणते, कोण दगड ते."

आता बघा. सगळं आयतं समोर वाढून ठेवलेलं होतं. दीड वर्षाचा अबोला, न गेलेला दवाखाना, सगळं आठ थेंबांत धुऊन निघालं होतं. पॉलिशवाल्यानं फक्त गप्प राहायचं होतं. जगात निम्म्या नात्यांचं पॉलिश असंच केलेलं असतं, आतल्या भेगांवर नुसता हात मारलेला. त्याला ती कला येत होती, त्याचा तो धंदाच होता. आणि तो गप्प राहिलाही. चांगली दोन मिनिटं. पाणी आणून दिलं. दादानं पेला घेताना त्याच्या मनगटावर थोपटलं, लहानपणी शाळेच्या फाटकाशी थोपटायचा तसं. तिथं त्याचं गप्प राहणं तुटलं.

"दादा, मी तुझ्यासाठी नाही रडलो."

"मग?"

त्यानं पुस्तक पुढे केलं. मग तो पाचवा भाग नाही हे लक्षात येऊन खाली ठेवलं. मग बोलला. तुटक तुटक, जमिनीकडे बघत. टेबल, पहारेकरी, मिस्त्रीचा प्रश्न, आणि लाजेपायी तोंडून निघालेलं ते दोन शब्दांचं खोटं.

दादानं पाणी प्यायलं नाही.

"कोण मेला?"

"एककान्या."

"तो कोण?"

"पुस्तकातला."

"राक्षस?"

"माणूस."

दादानं पेला खाटेवर ठेवला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मला आत नेलं, त्या दिवशी तू कुठे होतास?"

"चौथ्या भागात," पॉलिशवाला म्हणाला. खरं तेच होतं.

दादा उठला. पेला खाटेवर कलंडला, चादर भिजली. तो जिना उतरू लागला, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. पॉलिशवाला मागे धावला, दंडाला धरायला गेला.

"हात लावू नकोस. आणि शेजारी चालू नकोस. मागे राहा."

तो मागे राहिला. रस्त्यावर दादा हळूहळू चालत होता, हा चार पावलं मागे. पायात चपला घालायच्या राहिल्या होत्या. औषधाच्या दुकानाबाहेर बाक होतं, तिथं दादा श्वास घ्यायला बसला. हा विजेच्या खांबाशी उभा. दुकानदारीण आतून बघत होती, हे काय चाललंय म्हणून.

"कसा मेला?" दादानं मागे न बघता विचारलं.

"भावाला पाठीवर घेऊन डोंगर चढला. वर दमला. भावानं त्याला बसवला, त्याचा कोट घेतला आणि निघून गेला."

"मागे वळून बघितलं भावानं?"

"नाही."

दुकानातून एक बाई औषध घेऊन निघून गेली. दादा बाकाच्या फळीवर बोटानं काहीतरी खरवडत होता.

"मग तू रडलास कुणासाठी? मेला त्याच्यासाठी, की सोडून गेला त्याच्यासाठी?"

पॉलिशवाल्याला कळलं, दादा त्याला वाट काढून देतोय. सोडून गेला त्याच्यासाठी, एवढं म्हटलं की झालं. स्वतःला ओळखलं म्हणून रडलो, शरमेनं रडलो, म्हणजे फिरून तुझ्यासाठीच रडलो. किती देखणं वाक्य झालं असतं! दादानं ते घेतलंही असतं. पण तसं घडलं नव्हतं. वाचताना त्याला स्वतःची आठवण कणभरही झाली नव्हती. त्या धाकट्याला त्यानं मनातल्या मनात आईवरून शिव्या घातल्या होत्या.

"मेला त्याच्यासाठी," तो म्हणाला. "तू आठवलासच नाहीस."

"बरं," दादा म्हणाला.

पुढचं अंतर दोघं तसेच चालले. दादाच्या इमारतीच्या दाराशी तो थांबला आणि तेव्हा पहिल्यांदा वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं.

"वहिनीला तू सांगायचं," तो म्हणाला. "माझ्यानं होणार नाही. कालपासून ती जिन्यातल्या झाडून सगळ्यांना सांगत सुटलीय, माझा दीर माझ्या नवऱ्यासाठी रडला म्हणून. बहिणीला फोन केला, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंना केला."

"दादा, उद्या सांगतो."

"आज. माझ्यासमोर."

पहिल्या मजल्यावर दार आधीच उघडं होतं. वहिनी चौकटीत उभी, साडीचा पदर खोचलेला, हात ओले. दिराला बघून तिचा चेहरा असा उजळला, की पॉलिशवाल्याला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"आलात ना भावजी! मी म्हणतच होते यांना, भावजी येणार." तिनं मागे वळून शेजारच्या दाराकडे हाक मारली. "अहो काकू, बाहेर या जरा. हे बघा, हेच ते."

काकू बाहेर आल्या. त्यांच्यामागून त्यांची सून आली. दादा भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

"वहिनी," पॉलिशवाला म्हणाला, "जरा ऐकता का?"

"आधी आत तर या. अनवाणीच आलात?"

"नाही. इथंच सांगतो. सगळ्यांसमोर," तो म्हणाला आणि त्यानं सांगायला सुरुवात केली.