शेवटच्या ओळीपर्यंत

"असामान्य बुद्धिमत्ता कुठेही असो, ती डोकं वर काढतेच!" चष्मेवाल्याने जाहीर केलं.

वाक्य झकास होतं, आवाजही त्याला शोभेसा लागला होता. अडचण एवढीच, की ज्या डोक्याबद्दल हे चाललं होतं ते जेवणाच्या खुर्चीच्या पाठीतल्या दोन दांड्यांमध्ये अडकलं होतं आणि वर, खाली, कुठेच निघत नव्हतं.

"आधी बाहेर काढू, मग वर काढू," बायको म्हणाली. मुलीच्या कानांना ती साबणाचा फेस चोळत होती. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान, ती शहरात बस चालवायची; आणि बस चालवणाऱ्या बाईला अरुंद जागेतून मोठी वस्तू काढायची सवय असते. तिने मुलीची मान किंचित वळवली, अंदाज घेतला, आणि रिव्हर्स घेतल्यासारखी तिला अलगद मागे ओढली. भुंगी सुटली.

भुंगी हे तिचं शाळेतलं नाव नव्हे. दिवसभर तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत असायची म्हणून घरात पडलेलं. वय सात.

"डोकं कशाला घातलंस गं तिथे?"

"भिंतीवर मुंगी होती. तिला मिशा आहेत का ते बघत होते."

"ऐकलंस?" चष्मेवाल्याचा चेहरा उजळला. "मुंगीच्या मिशा! तुझ्या-माझ्या डोक्यात आलं असतं का हे?"

"डोक्यात काय येतं ते राहू द्या. माझं डोकं खुर्चीत गेलं नसतं, एवढं नक्की."

मुलगी विलक्षण आहे, याचे चष्मेवाल्याकडे भक्कम पुरावे होते. ती पुस्तक वाचायची तेव्हा नाक पानाला टेकलेलं असायचं. ही एकाग्रता. रस्त्यात ओळखीचं कुणी समोर आलं तरी ती सरळ पुढे निघून जायची. हे विचारात गढून जाणं. आणि लांबवर काही दाखवलं की डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहायची. याला तो चिंतन म्हणत असे. त्यामुळे शाळेने जेव्हा कळवलं, की विशेष हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग निघतोय आणि त्यासाठी चाचणी होणार आहे, तेव्हा चष्मेवाल्याला आनंद झाला, पण आश्चर्य वाटलं नाही. उशीर केला, एवढंच त्याचं मत पडलं.

चाचणीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पालकांची गर्दी होती. प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, की आम्ही तयारी म्हणून काही करून घेतलेलं नाही. असं सांगणाऱ्या एका आईचा मुलगा शेजारीच उभा राहून वर्ग आणि घन पुटपुटत होता. एका वडिलांनी कोड्यांच्या पुस्तकांची पिशवी पाठीमागे लपवली होती. पिशवी मोठी आणि पाठ लहान, त्यामुळे ते भिंतीला चिकटून उभे होते.

"तुमची किती तास बसते अभ्यासाला?" त्यांनी विचारलं.

"आमची बसत नाही," चष्मेवाला म्हणाला. "आमची मुंग्या बघते."

वडिलांनी खिशातून पेन काढून काहीतरी लिहून घेतलं.

तासाभराने चाचणीच्या बाईंनी दोघांना आत बोलावलं. पांढरे केस, शांत आवाज, आणि समोरच्याला संपूर्ण वाक्य बोलू देण्याची दुर्मिळ सवय.

"टेबलावरच्या कागदावर तुमच्या मुलीचं सगळं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "शेवटची दोन कोडी तर आमच्या शिक्षकांचीही चुकतात."

चष्मेवाल्याने बायकोकडे बघितलं. बायको बाईंकडे बघत होती, कारण सिग्नल हिरवा दिसला तरी चौक ओलांडण्याआधी दोन्हीकडे बघायचं, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं होतं.

"आणि फळ्यावरच्या आकृत्या ओळखायच्या होत्या, त्यात एकही बरोबर नाही." बाईंनी उत्तरपत्रिका पुढे सरकवली. प्रत्येक चौकटीत एकेक ढग काढलेला होता. सुबक होते ढग.

"ढग हासुद्धा एक दृष्टिकोन आहे," चष्मेवाला म्हणाला.

"असेल. पण वर्गात एकच जागा उरली आहे, आणि निम्म्या मुलीला प्रवेश देता येत नाही." बाईंनी उत्तरपत्रिका मिटली. "डोळे तपासलेत का तिचे?"

आचाऱ्याला कुणी 'मीठ कशाला म्हणतात माहीत आहे का' असं विचारावं, तसा चष्मेवाला ताठ झाला.

"बाई, माझा धंदाच तो आहे."

"म्हणूनच विचारलं."

"दर वाढदिवसाला मी स्वतः तपासतो! शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. न अडखळता!"

"मग कारण दुसरं काही असेल. शोधा. शुक्रवारपर्यंत जागा धरून ठेवते. काही सापडलं तर परत बसवू. नाही सापडलं तर तिला आहे त्या वर्गात सुखाने राहू द्या."

बाहेर आल्यावर चष्मेवाला बराच वेळ फळ्याला दोष देत होता. बायकोने त्याला फाटकापर्यंत बोलू दिलं. मग म्हणाली, "अहो, एक सांगायचं राहिलं. परवा मी बस घेऊन शाळेच्या स्टॉपवर आले, तर माझ्या पुढे कचऱ्याची गाडी होती. ही तिला हात करत होती. गाडीवाला बिचारा थांबला, आणि ही चढायला निघाली."

"दोन्ही गाड्या हिरव्याच असतात."

"माझ्या बसवर एवढा मोठा नंबर आहे. मागे कचरा नाहीये."

"तिचं लक्ष नसेल. चिंतनात..."

"दुकानात चला," बायको म्हणाली. "आत्ता."

चष्मेवाल्याचं दुकान अरुंद होतं, म्हणजे इतकं की नजर तपासायला लागतं तेवढं अंतर आत मावत नसे. म्हणून त्याने अक्षरांचा उलटा तक्ता गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे टांगला होता आणि समोर आरसा लावला होता. गिऱ्हाईक आरशात बघून वाचायचं. तक्त्याच्या मागे दिवा. शाळा सुटली की भुंगी इथेच काउंटरमागच्या स्टुलावर बसायची, आईची ड्युटी संपेपर्यंत. दिवसभर गिऱ्हाइकं यायची, खुर्चीत बसायची, वाचायची, आणि चष्मा घेऊन जायची.

चष्मेवाल्याने मुलीला खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि हाताची घडी घातली. "वाच."

भुंगीने पाठ ताठ केली आणि वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही.

"बघ!" चष्मेवाला म्हणाला. "घारीलाही लाजवील, अशी नजर आहे! आता तरी..."

बायकोने हात लांब करून दिव्याचं बटण बंद केलं. आधीच अर्धं ओढलेलं शटर तिने पायाने खाली दाबलं. दुकानात मिट्ट काळोख झाला.

काळोखात भुंगीचा आवाज तसाच पुढे चालू राहिला. पाचवी ओळ, सहावी, शेवटची. आणि मग, घंटा होईपर्यंत थांबायचं नसतं अशा सुरात: "तक्ता उन्हात ठेवू नये. ओल्या फडक्याने पुसू नये."

ही तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली सूचना होती.

"झालं," भुंगी म्हणाली. "दुसरा तक्तापण म्हणू?"

बायकोने दिवा लावला. चष्मेवाला काउंटरला धरून उभा होता. अर्ध्या शहराच्या नाकावर त्याने चष्मे चढवले होते, आणि सात वर्षं ज्या नाकाची तो रोज पापी घेत होता तेवढंच राहिलं होतं.

"भुंगे," त्याने कसंबसं विचारलं, "ही अक्षरं तुला दिसत नाहीत?"

"जवळ गेल्यावर दिसतात की."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही म्हणता 'वाच', मग सगळे म्हणून दाखवतात. ज्यांचं चुकतं त्यांना चष्मा लावता." तिने अभिमानाने जोडलं, "माझं कधीच चुकलं नाही."

बायकोला हसू आवरेना. ती स्टुलावर बसून पदराला डोळे पुसत राहिली, आणि चष्मेवाल्याला ठरवता येईना की आपण रडावं की टाळ्या वाजवाव्यात. शेवटी त्याने आपल्या धंद्याला शरण जायचं ठरवलं. काचांची पेटी काढली, तक्ता बाजूला ठेवला आणि प्रथमच मुलीला तिने कधीच न ऐकलेल्या गोष्टी वाचायला दिल्या. "हे बरं की ते बरं?" "ते." "आणि आता?" "आता हे." त्याने तिला दारात नेलं आणि शटर वर केलं. रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान होतं.

भुंगीने बघितलं, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"बाबा! त्या काकांना डोकंच नाहीये!"

"कुठल्या काकांना?"

"ते कोट घालून उभे असतात ते! मी त्यांना रोज टाटा करते!" ती शिंप्याच्या दारातल्या कापडी पुतळ्याकडे बघत राहिली. "म्हणूनच ते बोलत नाहीत. मला वाटायचं गर्विष्ठ आहेत."

शुक्रवारी तिघे पुन्हा बाईंसमोर उभे राहिले. भुंगीच्या नाकावर लाल फ्रेमचा नवा चष्मा होता. चष्मेवाल्याने खरं काय ते सांगितलं. सांगताना त्याला तीनदा घसा खाकरावा लागला. बाईंनी त्याला संपूर्ण वाक्य बोलू दिलं, ही त्यांची सवय त्याला त्या दिवशी मुळीच आवडली नाही.

मग भुंगीला फळ्यासमोर बसवलं. आकृत्या नव्या होत्या. ती भराभर उत्तरं काढत गेली, आणि शेवटच्या आकृतीपाशी थांबली. 

"बाई, ही चुकलीय," भुंगी म्हणाली. "कोपऱ्यात एक रेघ पाहिजे. नाहीतर उत्तरच येत नाही."

बाई उठल्या, फळ्याजवळ गेल्या, हातातल्या कागदाशी ताडून बघितलं. मग मुकाट्याने खडू उचलला आणि राहिलेली रेघ काढली.

"जागा तिची," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? आकृत्यांचं सोडा. वर्षानुवर्षं एका चष्मेवाल्याला नुसत्या पाठांतरावर चकवणारी मुलगी मी या वर्गात नाही घ्यायची, तर कुणाला घ्यायची?"

बायकोने भुंगीला उचलून घेतलं. व्हरांड्यातून ते पिशवीवाले वडील डोकावले. त्यांच्या मुलाच्या हातात भिंग होतं आणि तो जमिनीवर मुंग्या शोधत होता. चष्मेवाल्याची छाती हळूहळू फुगायला लागली. गेल्या आठवड्यात जे जे खाली गेलं होतं ते सगळं परत वर आलं, आणि थोडं जास्तच आलं. त्याने कोटाची बटणं लावली, खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि हात उंचावला.

"बाई," तो म्हणाला, "मी पहिल्यापासून म्हणत आलोय. असामान्य बुद्धिमत्ता कुठेही असो..."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या कडेवरून, लाल चष्म्यातून दोन डोळे त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"बाबा," भुंगी म्हणाली, "नाकातला तो केस जरा कापाल का? इथून दिसतोय."