दुपारी मिटणारी पोवळी

रोस्तिनाने खाऱ्या पाण्याची टाकी घेतली ती वडिलांसाठी. पण टाकी घरात आल्यावर त्यांनी तिच्याकडे एकदाच नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुरुंग आहे हा. खिडकी मोठी आहे, एवढंच."

तिचे वडील, दाएंग लुरांग, हे बारांग लोम्पो बेटावरचे पाणबुडे. कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून समुद्रकाकड्या नावाचे जीव वेचायला खोल उतरायचे. एकदा फार भरभर वर आले आणि कमरेखालचं अंग गेलं. बेटावर असे बरेच जण आहेत. बायको होती तोवर तिने सगळं निभावलं. ती गेल्यावर मुलीने त्यांना मकास्सारला आपल्या घरी आणलं. शहरात मात्र त्यांचा जीव रमेना. चाकांची खुर्ची दारापर्यंत न्यायची, परत फिरवायची, पुन्हा दारापर्यंत. "वारा कुठून सुटलाय गं आज?" हे रोज विचारायचं. गल्ली इतकी अरुंद की वारा आत शिरतच नसे.

शेवटी जावई बस्री म्हणाला, "समुद्र घरात आणता येत नाही, पण थोडा विकत मिळतो."

म्हणून ती टाकी. पाणी जीव ठेवण्याजोगं झाल्यावर रोस्तिनाने को तेंदींच्या मत्स्यटाक्यांच्या दुकानातून समुद्रशेतीत वाढवलेली दोन पोवळी आणली. एकाला सगळे हातोडी म्हणतात. त्याच्या बोटांची टोकं हातोडीसारखी आडवी असतात आणि प्रवाहात डुलतात. दुसऱ्याचं नाव चामडी, मऊ, अळंबीसारखं पसरणारं. सकाळी दोन्ही छान फुललेली असत. संध्याकाळी ती कामावरून यायची तेव्हा दोन्ही मिटलेली.

रोस्तिना रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. तिचा विश्वास आकड्यांवर. तिने अमोनिया तपासला, नायट्रेट तपासलं, पाण्याचा खारेपणा तपासला. सगळं ठीक. वाळूवर तपकिरी थर धरला तेव्हा तिने घाबरून को तेंदींना फोन केला.

"नवीन टाकीत तो येतोच," ते म्हणाले. "बाळाला दात येताना पोट बिघडतं ना? तसं समजा."

पण तिला धीर नव्हता. दिवा फार प्रखर असेल, म्हणून वर टांगला. पाणी गरम होत असेल, म्हणून पंखा लावला. पंख्याने पाणी उडून खारटपणा वाढला, म्हणून गोडं पाणी घातलं. लॅबमध्ये सुई हातात असतानाही तिच्या डोळ्यांपुढे टाकीच यायची. घरी आली की चप्पल काढायच्या आधी काचेला नाक. हातोडीची एक कड आता सोलवटल्यासारखी दिसत होती, आतलं पांढरं उघडं पडलं होतं.

"इबू तिना," को तेंदी दुकानात तिला अदबीने म्हणाले, "तुम्ही एका दिवसात दिवा, पंखा आणि पाणी तिन्ही बदललंत. उद्या बरं वाटलं तर श्रेय कुणाला द्याल? आणि बिघडलं तर शिव्या कुणाला?"

"मग काय करू? बघत बसू?"

"हो. बघत बसा. त्याला पैसे पडत नाहीत."

तिने मन घट्ट करून काहीही हलवायचं नाही असं ठरवलं. बघत बसल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. सुट्टीच्या दिवशी पोवळी दिवसभर उघडी राहत. आणि पाण्यातली घाण फेसात ओढून काढणारं जे यंत्र होतं, ते सकाळी मळका फेस काढत असे. पण कामाच्या दिवशी संध्याकाळी त्याचा पेला कोरडा असे.

"तू घरी असलीस की फुलतात," बस्री हसत म्हणाला. "तुझं तोंड बघून."

"थट्टा नको हो. माझी झोप उडाली आहे."

तिने को तेंदींना फोन केला. "फेस बसतो तो तेलाने," ते म्हणाले. "जवळपास कुणी तळण काढतं का?"

चूल मागच्या बाजूला होती, मधे दोन दारं, म्हणजे तेल तिथलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय असं सांगून रोस्तिना दुपारीच लॅबमधून निघाली आणि मागच्या दाराने घरात शिरली.

वडील, तिचे तेत्ता, टाकीजवळ होते. खुर्ची काचेला भिडवलेली, झाकण बाजूला, बाही खांद्यापर्यंत सरकवलेली. हात कोपरापर्यंत पाण्यात. डोळे मिटलेले. स्टुलावर पायांना चोळायच्या तेलाची हिरवी बाटली उघडी होती आणि अख्ख्या खोलीत लवंगेचा वास.

"तेत्ता!"

ते दचकले. पाणी हिंदकळून जमिनीवर सांडलं.

"रोज करता हे?"

"हात पुसतो की मी. लुंगीला."

"लुंगीला! तेल जातं का त्याने? मी इथे जिवाचं रान करतेय आणि तुम्ही रोज विष घालताय त्यांना!"

म्हाताऱ्याने बाही खाली ओढली. "बेटावर मासे पकडायला लोक पोवळ्यांवर विष फवारायचे," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या बापाने मला शिकवलं नाही, मी कधी फवारलं नाही. म्हातारपणी पोटच्या पोरीकडून हे ऐकायचं होतं."

त्यांनी खुर्ची वळवली आणि टाकीला पाठ केली.

रोस्तिनाने बरंचसं पाणी बदललं, तेल शोषायला कोळशाची पिशवी सोडली. चामडी काही दिवसांत सावरली. यंत्र पुन्हा फेस काढू लागलं. दुखणं सापडलं होतं, उपाय लागू पडला होता, तरी तिला घरात बसवेना. तेत्ता आता दारापर्यंतही जात नव्हते. वारा कुठून, हे विचारत नव्हते. ती समोरून गेली की ते भिंतीकडे बघत. माफी मागायला ती दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेली आणि चहा हवा का एवढंच विचारून परतली.

एके संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर तिला आतून कण्हणं ऐकू आलं. तेत्तांचे पाय पेटके येऊन लाकडासारखे ताठले होते. ओठ दातांत धरून ते खुर्चीचा दांडा आवळत होते. ती खाली बसली, पोटऱ्या दाबू लागली.

"तेल लावलं नाही का आज?"

"किती दिवस लावलं नाही."

"का पण?"

"तेल लावलं तर पाण्यात हात घालायचा नाही. मग तेलच सोडलं." वेदना ओसरेपर्यंत ते थांबले. "रोज घालतो हात. तू गेल्यावर. साबण नाही, काही नाही, साध्या पाण्याने धुऊन. जा, विचार तुझ्या पोवळ्यांना. मिटली का एकदा तरी?"

मिटली नव्हती. तिलाही ते माहीत होतं. ती पाय दाबत राहिली आणि तिचं रडू तिला आवरेना.

"तेत्ता, मी तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," ते म्हणाले. "जरा वरती दाब. हां. तिथे."

दुसऱ्या दिवशी तिने लॅबमधल्यासारख्या रबरी हातमोज्यांचं खोकं विकत आणलं. तेल आता ती किंवा बस्री लावणार, मोजे घालून. तेत्तांनी बाटलीला हात लावायचा नाही. पहिल्यांदा तिने मोजे चढवले तेव्हा ते कितीतरी दिवसांनी हसले. "माझ्या पायाचं रक्त काढणार आहेस की काय?"

हातोडी मात्र वाचली नाही. सोलवटलेली कड वाढत गेली आणि मांस गळून पडलं. "गेली ती," तेत्ता एका सकाळी म्हणाले. "बाहेर काढ, नाहीतर चामडीला त्रास होईल." रोस्तिनाने ती काढली.

हल्ली दुपारी लॅबमध्ये तिचा फोन वाजतो.

"तिना, चामडी मिटली आहे. काल पण मिटलेली होती."

"तेत्ता, ती कात टाकते अधूनमधून. आपोआप उघडेल. हात नका लावू."

"वरती मेणासारखं काहीतरी चढलंय."

"तेच ते. गळून पडेल."

"आणि नाही पडलं तर?"

"पडेल हो!"

पलीकडे खुर्चीची चाकं करकरतात, टाकीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला.

"तुझं काम कधी संपतं?" ते विचारतात. "जरा लवकर निघता येतं का बघ."