दोन नावांचा दगड

मित्रांनो, मी कागल तालुक्यातल्या एका गावचा जुना काळा दगड आहे. माझ्या अंगावर दोन भावांची नावं कोरलेली आहेत. गेली पन्नासहून जास्त वर्षं माणसं माझ्यापुढे उभी राहून भाषणं ठोकत आली. त्यामुळे माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं उरलेलं नाही. असं का झालं, ते सांगतो.

मला घडवलं गुंडू पाथरवटानं. त्याचं रोजचं काम पाटे-वरवंटे करण्याचं. बहात्तर सालच्या उन्हाळ्यात कुतुबुद्दीन जमादार त्याच्या दारात आला. त्याची दोन्ही पोरं फौजेत होती. थोरला दस्तगीर डिसेंबरच्या लढाईत पश्चिम सीमेवर गोळी लागून गेला. धाकटा बालेखान सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होता. लढाई थांबली, पण सीमेवरच्या शेतांत सुरुंग तसेच पुरलेले होते. ते निघाल्याशिवाय तिथल्या लोकांना नांगर धरता येत नव्हता. जानेवारी संपता संपता असाच एक सुरुंग काढताना फुटला आणि बालेखानही गेला. अजून त्याला विसावं वर्ष लागायचं होतं.

कुतुबुद्दीनला वाचता येत नव्हतं. तो गुंडूला एवढंच म्हणाला, "दोघांची नावं एका मापाची घाल. एका ताटात जेवल्यात पोरं माझी."

गुंडूनं सुतळीनं माप घेऊन अक्षरं पाडली. मला गावाच्या चौकात उभं केलं, तेव्हा म्हाताऱ्यानं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यातला धाकटा कंचा?" गुंडूनं त्याचं बोट धरून दाखवलं.

दस्तगीरची बायको इमामबी मागं उभी होती. वय एकवीस, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. बालेखान तिचा दीर. त्याला आई नव्हती. इमामबी लग्न होऊन घरात आली तेव्हापासून त्याला तिनंच जेवू घातलं होतं. त्याचं शेवटचं पत्रही तिलाच आलं होतं. "भाभी, लढाई संपली. आता नुसती शेतं साफ करायची हाईत. चटणी धाड." तिनं कांदा-लसणाची चटणी डब्यात भरून धाडली. महिन्यानं डबा न उघडता परत आला. नवऱ्यासाठी ती चारचौघांत रडली. दिरासाठी मात्र ती एकटीच माझ्याकडे यायची आणि माझ्यावर कपाळ टेकून उभी राहायची.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. शाळेची पोरं रांगेनं यायची, नावं मोठ्यानं वाचायची. मग ती पोरं मोठी झाली आणि त्यांना पुढारी व्हावंसं वाटू लागलं. माझ्यावर क्लासच्या जाहिराती चिकटल्या. पानवाल्याची गिऱ्हाइकं पिचकारी मारायला माझीच आडोशाची बाजू निवडायची. उदयसिंह नावाचा गावपुढारी तर दरवर्षी वाढदिवसाचा फ्लेक्स माझ्या मानेला दोरी बांधून उभा करायचा. फ्लेक्सवर तो कानाला मोबाईल लावून गंभीर चेहऱ्यानं बघायचा. खाली शंभरेक शुभेच्छुकांची तोंडं. सीमेवर जायला या गावातून दोघं निघाले, वाढदिवसाला शंभर निघतात!

यंदा उदयसिंहाच्या डोक्यात नवं स्मारक आलं. मी म्हणे चौकाला शोभत नव्हतो. पहारी लावून मला उपटलं, मांडवाच्या मागं लोळवलं आणि आचाऱ्यानं माझ्यावर चहाची शेगडी मांडली. माझ्या जागी चकचकीत ग्रॅनाइट आला. त्यात आपलं तोंड दिसतं. पुढाऱ्यांना असलाच दगड लागतो.

कार्यक्रमाची पत्रिका इमामबीला तिच्या नातीनं, आफशीननं वाचून दाखवली. उदयसिंहाचं नाव तीनदा होतं, दस्तगीरचं एकदा. बालेखानचं कुठेच नव्हतं.

"परत वाच," इमामबी म्हणाली.

आफशीननं परत वाचलं. इमामबीनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि निघाली.

मांडवात तिला व्यासपीठावर पुढच्या खुर्चीत बसवलं. अंगावर शाल आली, हातात नारळ आला. मग उदयसिंह माईक घेऊन तिच्यापाशी वाकला. "चाची, उठा. पडदा तुमीच वडायचा."

"आदी सांग, माजा धाकटा कुटं हाय ह्यात?"

"चाची, त्यो लढाई संपल्यावर गेला न्हवं का? यादीत त्येचं नाव न्हाई. शहीद म्हंजे लढाईतला."

माईक चालूच होता. सगळा मांडव ऐकत होता.

"लढाई संपली ह्ये त्या सुरुंगाला कुणी सांगितलं न्हवतं, बाबा," इमामबी म्हणाली. "आन ज्येंच्या शेतातनं त्यानं सुरुंग काढलं, त्येंनी काय तुजी यादी बघून नांगर धरला न्हाई."

तिनं शाल काढून घडी केली, खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला आणि पायऱ्या उतरली. उदयसिंह माईकमध्ये हसला. "चाची जरा भावनावश झाल्यात. कुणी उठू नका, कार्यक्रमानंतर शिरा-उप्पीट हाय."

आणि मित्रांनो, खरंच कुणी उठलं नाही. तोंडानं जय जवान म्हणणारं अख्खं गाव उप्पिटासाठी खुर्चीला चिकटून राहिलं. उठला तो फक्त जोतीराम. बालेखानच्या वर्गात होता, आता गुडघ्यांनी अधू झालेला. त्यानं तालमीतल्या तिघा पैलवानांना हाक मारली आणि मांडवामागं येऊन माझ्यावरची शेगडी उचलली.

"अवो, चा उकळतोय की!" आचारी ओरडला.

"तुज्या चाच्या आयला," जोतीराम म्हणाला.

त्यांनी मला ट्रॉलीत घातलं. इमामबी माझ्याशेजारी पोत्यावर बसली, एक हात माझ्यावर ठेवून. चौकातून टाळ्यांचा आवाज आला. उदयसिंहानं पडदा स्वतःच ओढला होता.

आता मी इमामबीच्या अंगणात उभा आहे. शेगडीच्या आचेनं बालेखानच्या नावातल्या एका अक्षराचा टवका उडाला. जोतीराम म्हणाला, "नवं कोरून घेऊ." इमामबीनं काथ्यानं काजळी घासून काढली, पाणी ओतलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वाचाय येतंय."

मित्रांनो, तुमच्याही गावात असा एखादा दगड असेल. त्याला हार नको, दोरी नको. जाता-येता थांबा, नावं मोठ्यानं वाचा. पण मेलेल्यांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरात एखाद्या जिवंत माणसाचं नाव दिसलं, तर तिथे हात जोडू नका. सरळ पुढं चालू लागा. तो दगड आमच्यातला नाही.