कॅलेंडरातला पांढरा दगड

"समोर काहीतरी घ्या रे! नुसता डोंगर आणि आभाळ टिपून घरी जाऊ नका," हे फोटोग्राफीच्या वर्गात त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं, की विद्यार्थ्यांनी त्याचं नावच समोरमास्तर पाडलं. त्याला ते आवडायचंही. सांगणं काही खोटं नव्हतं. खाडीचा मोकळा चिखल, पल्याडचे डोंगर, उजाडतं आभाळ कितीही सुंदर असो, फोटोत सगळं सपाट पडतं. खाली कोपऱ्यात एखादा दगड किंवा ओंडका आला, की बघणाऱ्याची नजर आधी तिथे टेकते आणि मग आत चालत जाते.

त्या सकाळी त्याला दगड हवा होता, आणि दगड तर ओळीने मांडलेलेच होते. ओहोटीला खाडी ओलांडायच्या वाटेवर वीस-वीस पावलांवर पांढरा रंग दिलेले दगड होते. पलीकडे जाताना दगडाच्या उजव्या अंगाने चाललं की पाय घट्ट जमिनीवर; डावीकडे दलदल. धुक्यात लोक एक दगड गाठून पुढचा शोधत जायचे. त्यातला एक नेमका चौकटीच्या मधोमध येत होता. त्याने तो चार हात डावीकडे ओढला, ट्रायपॉडचे पाय फाकवून कॅमेरा गुडघ्याखाली आणला, आणि फोटो असा आला की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. तेवढ्यात पाणी भरायला लागलं. दगड जागेवर ठेवायचा राहून गेला. राहून गेला कसला, विसरला तो.

तीन आठवड्यांनी, दाट धुक्यात, वायरमन पलीकडच्या वस्तीतली लाइन जोडून परत निघाला आणि घरी पोचलाच नाही. तिसऱ्या दिवशी दलदलीत सापडला. वायरमन पूर्वी प्यायचा. सोडून चार वर्षं झाली होती, पण बोलणाऱ्यांना तेवढं पुरलं. "पुन्हा सुरू केली असणार. नाहीतर रोजची वाट चुकतो कसा माणूस?"

वायरमन हरवल्याचं कळलं त्याच दिवशी समोरमास्तराला तो दगड आठवला. ओहोटीला जाऊन त्याने दगड गुपचूप जागेवर लावला. माणूस किती भित्रा असावा! शोधणारे लांबून हाका मारत होते आणि हा इकडे दगडाखालचा चिखल सारखा करत होता. फोटो मात्र आधीच छापखान्यात गेला होता.

नव्या वर्षाचं कॅलेंडर निघालं आणि तो फोटो घरोघरी भिंतीवर चढला. कॅलेंडर एकपानी, त्यामुळे महिना बदलला तरी चित्र बदलायची सोय नाही. किराणा दुकानात तेच, दवाखान्यात तेच, न्हाव्याच्या आरशासमोरही तेच. "काय दगड पकडलाय, मास्तर!" लोक कौतुक करायचे. केस कापून घेताना त्याला आरशात दगडाच्या उजव्या अंगाला एक पाऊल उचललेला माणूस दिसे. मान वळवली की नुसता चिखल. वर्गात त्याने 'समोर काहीतरी घ्या' म्हणणं सोडून दिलं. कॅमेरा डोळ्याला लावायचंही जिवावर यायचं, कारण चौकटीचा खालचा भाग आता कधीच रिकामा नसे.

एका दुपारी वायरमनची बायको त्याच्या स्टुडिओत आली. तिने काउंटरवर कॅलेंडर पसरलं.

"भाऊ, एक विचारायचं होतं. हा दगड बघा. बाकीचे सगळे रेषेत, हा एकटाच बाहेर. काल मी जाऊन दोरी धरून बघितलं, तिथे तर तो सरळ आहे. मग फोटोत असा कसा?"

"वाइड लेन्स असते, ताई. जवळची वस्तू बाजूला ओढल्यासारखी दिसते." वर्गात शंभरदा सांगितलेलं वाक्य, आणि अर्धं खरंही.

"म्हणजे काचेची करामत." तिचा चेहरा पडला. "मला वाटलं होतं... जाऊ दे. पोरगी म्हणते तेच खरं. परवा तिने बापाचा फोटो भिंतीवरून काढला. म्हणाली, शब्द मोडला त्यांनी. केवढी भांडले मी तिच्याशी! आता कुठल्या तोंडाने भांडू?"

तिने कॅलेंडर गुंडाळून रबर लावलं. चित्र आता दिसत नव्हतं, तरी वायरमन त्याला दिसला. तिच्या शेजारी, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. रागावलेला नव्हता. डोळे बारीक करून पुढचा दगड शोधत होता. समोरमास्तराला ते सोसवेना.

"ताई, थांबा. लेन्सचं काही नाही. दगड मी हलवला होता. फोटोसाठी. आणि ते हरवल्यावर मीच परत लावला."

तिने काउंटर घट्ट धरलं. आता कानाखाली बसणार म्हणून तो डोळे मिटून उभा राहिला.

"म्हणजे ते शुद्धीत होते," ती म्हणाली. "दगड बघूनच चालले होते."

"हो."

"पुन्हा म्हणा."

"ते शुद्धीत होते, ताई. दगड बघूनच चालले होते."

ती रडली. आधी सुटल्यासारखी, आणि मग नुकतीच बातमी कळल्यासारखी. डोळे पुसून तिने त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्या नजरेत दयामाया नव्हती.

"दुकान बंद करा. पोरगी आता शाळेतून येईल. तिला हे सगळं सांगायचं, तुमच्या तोंडाने. मग आपण पोलिसांत जाऊ."

शटर अर्ध्यावर अडकलं, त्याने पुन्हा ओढलं. ती मदतीला आली नाही. रस्त्यावर उभी राहून, तो कुलूप नीट लावतो ना, ते बघत राहिली.