तीस दिवस फोन उचलायचा नाही

लिफ्ट दुरुस्त करायची माझी कंपनी. एकतीस वर्षं चालवली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा विकायची ठरवली, तर खरेदीदार म्हणाले, "साहेब, कंपनी म्हणजे तुम्हीच. उद्या तुम्ही नसलात तर आम्ही ती घेऊन करायचं काय?" अट एकच घातली. तीस दिवस मी गिऱ्हाइकाचा एकही फोन घ्यायचा नाही. तेवढ्यात काम अडलं नाही, तर सही.

मग लेकीने एआय आणून बसवलं. तक्रार घेणं, जवळचा मेकॅनिक धाडणं, सुटे भाग मागवणं, सगळं तेच करणार. माझे पाच वर्षांचे रेकॉर्ड झालेले फोन तिने त्याला ऐकवले. "बाबा, किती बोलता हो तुम्ही," म्हणाली. बोलणारच. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मेकॅनिक येईपर्यंत मी कधी एकटं सोडलं नाही. विनोद सांगायचो, कॉलेजचे किस्से सांगायचो. हे मशीनला जमणार? डोंबल.

जमलं की. पहिल्याच आठवड्यात मेकॅनिक पोचायचा वेळ निम्म्यावर आला. मी घरी भिंतींकडे बघत बसलेलो. बायको गेल्यापासून घरात बोलायला तसंही कोणी नाही. फोन वाजत होता म्हणून कळलं नव्हतं, इतकंच. लेक आठवड्यातून एकदा आकडे सांगायची. आकडे संपले की फोन संपायचा. खरं सांगतो, मशीनची एकदा तरी चांगली फजिती व्हावी असं मला रोज वाटायचं.

सव्विसाव्या दिवशी दुपारी माझा मोबाइल वाजला. एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाई. तिथली लिफ्ट दर दोन महिन्यांनी अडकायची आणि अकरा वर्षं त्या थेट मलाच फोन करायच्या. माझे किस्से ऐकून खळखळून हसायच्या. उचलला असता तर सगळी विक्री फिसकटली असती. मोबाइल उशीखाली दाबला. वाजून वाजून थांबला. जीव तुटला माझा. म्हटलं, बाईंना मशीन काही चालायचं नाही.

शेवटी त्यांनी अडकलेल्या लिफ्टमधलं मदतीचं बटण दाबलं आणि त्या मशीनशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी लेकीकडून मी ते रेकॉर्डिंग मागून घेतलं. "तुम्ही उचलला नाहीत ना?" तिने आधी हेच विचारलं.

मशीनने मेकॅनिक किती मिनिटांत येईल ते सांगितलं. मग विचारलं, "भीती वाटतेय का?" आणि गप्प राहिलं. बराच वेळ. एव्हाना मी दुसरा किस्सा सुरू केला असता.

"इथं नाही वाटत," बाई म्हणाल्या. "घरात गेल्यावर वाटते. दोन-दोन दिवस कोणाशी बोलणं होत नाही."

"हे कोणाला सांगितलंय का?"

"साहेबांना सांगायचं होतं. पण ते आपल्याच नादात असतात. एकटे असतील बिचारे. म्हणून मी हसते."

मी ते तीनदा ऐकलं.

तिसाव्या दिवशी सही झाली. खरेदीदार खूश, लेक खूश. आता कोणाचाही फोन घ्यायला मी मोकळा आहे, आणि करायलाही. बाईंचा नंबर पाठ आहे. लावला तर आधी कबूल करावं लागेल की त्यांचं बोलणं मी चोरून ऐकलं. मग गप्प बसून पुढचं ऐकून घ्यावं लागेल. आठवडा झाला, अजून लावलेला नाही.