पाच मोजून दाबलेलं बटण

आता तुम्ही म्हणाल, टेमघरचा हा धनेश, अठरा वर्षं पॉवरलूमवर घालवलेली, त्याला हे असलं विलायती संगीत लागलं कुठून? तर लूमनंच लावलं, दुसरं कोण लावणार! एका माणसाकडे चार लूम असतात आणि चारही कधी एका चालीनं चालत नाहीत. एक पुढे पळतो, दुसरा मागे रेंगाळतो, मधेच दोघं एका ठोक्यावर येतात आणि लगेच फारकत घेतात. धनेश धाग्यावर नजर ठेवून हे मोजत बसायचा. इकडे सात, तिकडे चार. मग एकदा त्याचा दोस्त मनोज भंगाराच्या गोदामातून कॅसेटींचा खोका घेऊन आला. प्रोग्रेसिव्ह रॉक आणि जॅझ फ्यूजन, एकेक रचना वीस-वीस मिनिटांची. मनोज पाच मिनिटांत वैतागला. "काय गोंधळ घातलाय रे ह्यांनी?" धनेश म्हणाला, "गोंधळ नाय रे. सात मात्रा आहेत. आपल्या लूमच्या खात्यातच चालतात की!"

तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलं. कॅसेटी गेल्या, मोबाइल आला, जुन्या बाजारातून दोन स्पीकर आले. लूम सुटला आणि मानकोलीच्या गोदामात, माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर सुपरवायझरची नोकरी लागली, पण रविवारचा नेम सुटला नाही. सकाळी मेघाली, म्हणजे बायको, मासळी साफ करायला बसली की हा खोलीत जाऊन एक अल्बम लावणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे उठणं नाही, गाणं पुढे ढकलणं नाही. आणि वहीत लिहिणार, कुठल्या मिनिटाला काय झालं ते. मेघाली म्हणायची, "देवासमोर कधी एवढा वेळ बसलास का?" ती चिडवायची, पण त्या वेळात कोणाला दाराची कडी वाजवू द्यायची नाही.

त्या रविवारी नवा अल्बम लावला होता. बारा वर्षांची मनाली बाजूला गृहपाठ करत होती. मधेच पेन थांबवून म्हणाली, "पप्पा, ती टिंगटिंग काय मस्त आहे ना!"

"कुठली गं?"

"ही काय! आता चालू आहे ती."

धनेशनं कान टवकारले. गिटारची जाड तार होती, पेटीसारखं काहीतरी होतं, मोठा ड्रम होता. टिंगटिंग कुठंच नव्हती.

"हां, मस्त आहे," तो म्हणाला. लेकीशी खोटं बोलला, आणि का बोललो हे त्याचं त्यालाच कळेना.

ती क्लासला गेल्यावर त्यानं आपला सगळ्यात जुना, तोंडपाठ असलेला अल्बम काढला. वहीत स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं: अकरा मिनिटं वीस सेकंद, सगळे थांबतात, आठ आवर्तनं फक्त बारीक झांज, अंगावर काटा. अकरा मिनिटं झाली. वीस सेकंद झाले. सगळे थांबले. आणि मग काहीच नाही. स्पीकरला कान लावला तरी काहीच नाही. बऱ्याच वेळानं गिटार सुरू झाली, नेहमीसारखी, जसं काही घडलंच नव्हतं. काटा आला अंगावर, पण हा काटा वेगळा होता.

माणूस काय करतो अशा वेळी? स्पीकरला दोष देतो. यानंही दिला. वायर बदलली, कापडानं पुसलं, शेवटी मनोजला बोलावून तेच ऐकवलं. मनोजनं तोंड वाकडं केलं. "कान फाडतेय की झांज. आवाज कमी कर जरा." धनेश हसला आणि आवाज कमी केला. 

सोमवारी गोदामात तो मालाच्या थप्पीकडे तोंड करून खोके तपासत होता. मानेवर वारा लागला म्हणून वळला, तर माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टची मागची बाजू हातभर अंतरावर थांबलेली. वर बसलेला भरत ओरडत होता, "काय दादा, झोपलात काय? केवढा वेळ बझर वाजतोय!"

फोर्कलिफ्ट मागे यायला लागली की बझर वाजतो, बारीक, टोकदार. धनेशला आठवेना, तो शेवटचा कधी ऐकला होता. मग त्याच्या लक्षात आलं, आपण कितीतरी दिवस डोळ्यांवर आणि बाकीच्यांच्या हालचालीवर चालतोय. लूमवर कोणी कानात कापूस तरी घालायचं का? नाही. जो घालील त्याला सगळे हसायचे, बाई झालाय म्हणायचे. धनेश तर मुद्दाम घालायचा नाही, त्याला ठोके ऐकायचे असायचे. त्या खडखडाटानं आधी बारीक आवाज खाल्ले होते आणि आता पुढचं खायला बसला होता.

तो घाबरला.  धक्क्यावर बहिरा सुपरवायझर कोण ठेवील? आणि नोकरी एक वेळ जाईल, दुसरी मिळेल, पण रविवार? दर रविवारी तो आता अल्बम ऐकत नव्हता, काय काय गेलं ते शोधत होता. बासरीचा वरचा सूर होता अजून. ड्रमची काडी अर्धी होती. मेघालीनं टीव्ही बारीक केला तरी तो दचकून उठायचा आणि परत मोठा करायचा. कोणाला सांगितलं मात्र नाही. आपल्याकडे माणूस डोळ्याला चष्मा लावतो आणि मिरवतो, पण कानाचं नाव काढायची लाज.

त्यात गंमत अशी की गोदामात धनेशच्या कानाची कीर्ती होती. दोन वर्षांपूर्वी सरकत्या पट्ट्याचं बेअरिंग जाणार हे त्यानं नुसत्या आवाजावरून दोन दिवस आधी सांगितलं होतं. तेव्हापासून काही खुट्ट झालं की लोक म्हणायचे, धनेशच्या कानाला विचारा.

आणि मग तपासणीची गाडी आली. सगळ्यांचं रक्त, डोळे, कान. एका बारक्या खोलीत बसवून त्याच्या कानावर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. काचेपलीकडे बसलेली मुलगी दमलेली दिसत होती. "आवाज आला की दाबायचं, काका." पहिला आवाज आला, जाडा, डूं. दाबलं. मग दुसरा. तिसरा. चौथ्याला धनेशच्या ध्यानात आलं, पोरगी तालात चाललीये! पाच मोजले की आवाज, पाच मोजले की आवाज. पुढे आवाज बारीक होत गेले आणि मग बंदच झाले. पण ताल बंद झाला नव्हता. धनेशनं आयुष्यभर काय केलं होतं? सगळे वादक थांबले, तरी मनातल्या मनात मोजत राहायचं आणि ते जिथं परत एकत्र येतात तिथं त्यांच्याबरोबर यायचं. तेच केलं. एक दोन तीन चार पाच, दाब. एक दोन तीन चार पाच, दाब. मांडीवर घामाचे थेंब पडत होते आणि बोट काही चुकत नव्हतं.

कागदावर आलं, दोन्ही कान नॉर्मल. पोरगी वर म्हणते कशी, "काका, तुमच्या वयाला एवढे चांगले कान पहिल्यांदा बघितले!"

पेढे वाटावेत की रडावं हे त्याला कळेना. तो कागद बघून मॅनेजर केसरीनाथ साहेबांनी त्याला तीन नंबरच्या धक्क्यावर टाकलं. तिथं थप्प्या उंच, वळणं आंधळी, डोळ्यांना पलीकडचं काही दिसत नाही. तिथं कानवाला माणूस हवा, साहेब म्हणाले. धनेशनं मान डोलावली. करतो काय!

दहा दिवस ढकलले. अकराव्या दिवशी झाडू मारणारी रूपा वळणावर थांबली. जमिनीवर प्लास्टिकचा पसारा होता. ती वाकली आणि परत सरळ झाली. "दादा, मागून गाडी येते काय?"

धनेशनं श्वास रोखून ऐकलं. पंखे ऐकू आले, दूरचा ट्रक ऐकू आला. "नाय, जा तू."

ती गेली. आणि थप्पीच्या मागून फोर्कलिफ्टची पाठ आली. भरतनं आरशात तिची ओढणी बघितली आणि असा ब्रेक मारला की वरचे खोके खाली कोसळले. रूपाचा झाडू चाकाखाली मोडला. तिचं कोपर सोललं, बाकी ती वाचली. ती जमिनीवर बसली होती आणि धनेश कोसळलेले खोके बाजूला सारत तिच्यापर्यंत पोचला.

केसरीनाथ साहेब धावत आले. एक खोका नेमका बझरवर पडून बझरच फुटला होता, त्यामुळे आधी तो वाजत होता की नाही हे आता तपासायला मार्ग नव्हता.

"बझर बंद ठेवून चालवत होतास?" साहेब भरतवर ओरडले.

"चालू होता साहेब, आईशप्पथ!"

साहेब रूपाकडे वळले. ती रडत म्हणाली, "मना वाटला आवाज आयकला. पन दादा बोलले न्हाय. दादांचे कान हायत, त्ये कसे चुकतील? मंग न्हायच वाजला असंल. मनाच भास झाला."

 बाईला स्वतःच्या कानांनी मरण ऐकू आलं होतं, आणि धनेशच्या शब्दाखातर तिनं स्वतःचे कान खोटे ठरवले होते. अजूनही ठरवत होती.

"धनेश," साहेब म्हणाले, "तुझा रिपोर्ट माझ्या टेबलावर आहे. तू सांगशील ते लिहितो. वाजला की नाही?"

भरत त्याच्याकडे बघत होता. "नाही वाजला" एवढं म्हटलं की झालं. भरत आजच घरी गेला असता, कागद खरा राहिला असता, नोकरी राहिली असती, लाज झाकली गेली असती.  धनेशला आयुष्यात एवढी भीती वाटली नव्हती, फोर्कलिफ्ट मानेशी येऊन थांबली तेव्हाही नाही.

"वाजला साहेब," तो म्हणाला. "रूपानं ऐकला तो खरा. मला ऐकू येत नाय. रिपोर्ट खोटा आहे, मी मोजून दाबलंय."

साहेबांना पहिल्यांदा समजलंच नाही. तीनदा सांगावं लागलं. समजलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्याला धक्क्यावरून तिथल्या तिथं उतरवलं. पुढचं काय ते नव्या तपासणीनंतर, म्हणाले.  मोडका झाडू उचलून रूपा त्याच्याकडे न बघता निघून गेली, आणि ते त्याला साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी मेघालीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला टीव्हीच्या आवाजावरून कळलं होतं. तू कधी सांगतोस, वाट बघत होते."

चार दिवसांनी शहरातल्या दवाखान्यात परत तसलीच बारकी खोली, तसलाच हेडफोन. मनाली हट्टानं बरोबर आली होती, काचेपलीकडे उभी होती. धनेश तपासणाऱ्या बाईंना म्हणाला, "ताई, एक विनंती आहे. तालात वाजवू नका. मी मोजतो."

बाई हसल्या. "असं काही नसतं हो. शांत बसा."

डूं. त्यानं दाबलं. दुसरा आला, दाबलं. आणि बाईसुद्धा सवयीनं पाचवरच चालल्या होत्या! आवाज बारीक झाले, विरले, गेले. ताल तेवढा उरला. एक, दोन, तीन, चार. पाच कुठं आहे ते त्याला डोळे मिटूनसुद्धा माहीत होतं. बोट आपणहून हललं, तसं त्यानं ते दुसऱ्या हातात घट्ट धरलं. पाच येऊन गेले. पुढचेही गेले. काचेपलीकडे मनाली त्याच्या हाताकडे बघत होती, आणि धनेशनं बटण दाबलं नाही.