दुःख दाखवणारा पेला

जेवणाच्या सुट्टीत शिवणकारखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध टेबल, टेबलावर दोन काचेचे पेले आणि टेबलामागे आनंदवैद्य. केस काळेकुळकुळीत, आवाज असा की धडधाकट माणसालाही आपण दुःखी आहोत की काय अशी शंका यावी.

"दुःख दिसत नाही म्हणतात. मी दाखवतो! या ताई, फुंका!"

काजं करणाऱ्या बाई पुढे झाल्या. त्यांनी पहिल्या पेल्यात नळीनं फुंकर मारली आणि नितळ पाणी बघता बघता दुधाळ झालं. "अगंबाई!" सगळ्या ओरडल्या. वैद्यांनी सत्तावीस मुळ्यांची नावं एका दमात घेतली, चिमूटभर हिरवं चूर्ण चाटवलं आणि दुसऱ्या पेल्यात फुंकायला लावलं. पाणी तसंच नितळ.

"गेलं! मुळासकट गेलं!" वैद्य गरजले.

कारखान्याची भिंत रंगवायला आलेला रंगारी मागून बघत होता. त्याची धाकटी बहीण इथेच कॉलर शिवायची. दोन वर्षं तिला नैराश्यानं घेरलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी कुठे ती पुन्हा गुणगुणायला लागली, तर मागच्या खेपेला या वैद्यानं तिला नितळ पेला दाखवला आणि तिनं गोळ्या बंद केल्या. त्याला तीन आठवडे झाले. आता डबा न उघडताच परत यायचा. काल ती म्हणाली होती, "मी नसले तर कुणाचं काय अडणार आहे?"

"अगं, थापाड्या आहे तो!" त्यानं सांगून पाहिलं होतं.

"दादा, मी डोळ्यांनी पाहिलंय. तू काय पाहिलंस?"

म्हणून आज तो रांगेत घुसला आणि नव्यानं भरलेल्या पहिल्या पेल्यात त्यानं सरळ बोट बुडवलं. बोट चोळलं. तोच कोरडा, चरचरीत स्पर्श! वीस वर्षं त्याचे हात चुन्यात होते.

"वैद्यबुवा, मी फुंकतो. पण आधी दुसऱ्या पेल्यात."

"छे छे! आधी दुःख, मग मुक्ती. क्रम असतो!"

"मग माझं राहू द्या." त्यानं सोड्याची बाटली मागवून उघडली. "हिचं दुःख बघू." भिंतीची पातळी बघायची प्लॅस्टिकची नळी तिच्या तोंडात चिंधीनं घट्ट बसवली, दुसरं टोक पहिल्या पेल्यात सोडलं आणि बाटली हलकेच हलवली. बुडबुडे आले आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"बाई गं, बाटलीला कसलं दुःख?"

"सासुरवास असेल!"

"दृष्ट... बाटलीला दृष्ट लागलीय," वैद्य पुटपुटले.

"मग चाटवा तिला चूर्ण!" काजवाल्या बाई म्हणाल्या, आणि हसण्याचा एकच गलका झाला.

"चुना भिजवला की वर नितळ पाणी साठतं ना, ती ही निवळी," रंगाऱ्यानं सांगितलं. "दुसऱ्या पेल्यात साधं पाणी. सोड्यात असतो तो कार्बन डायऑक्साइड आपल्या श्वासातही असतो. तो निवळीत गेला की ती दुधाळ होते. हसणारा फुंको नाहीतर रडणारा."

काजवाल्या बाईंनी चूर्ण खाल्लेल्या तोंडानं नव्यानं ओतलेल्या निवळीत फुंकून खात्री केली. पुन्हा दूध! तोवर वैद्य पिशवी उचलून फाटकाबाहेर पोहोचले होते.

सगळ्या हसत होत्या. बहीण तेवढी हसली नाही.

"मला वाटलं होतं, गेलं," ती म्हणाली. "आणि चूर्ण सगळ्यांबरोबर बसून घेता येत होतं, दादा. गोळी लपवून घ्यावी लागते."

'कुणाला सांगू नकोस, लोक नावं ठेवतील,' हे रंगाऱ्यानंच तिला बजावलं होतं. दुसऱ्याची लबाडी पकडणाऱ्या या शहाण्याला आता स्वतःचीच लाज वाटली.

"आजच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ," तो हळूच म्हणाला. "मीही येतो."

"मोठ्यानं म्हण."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग गर्दीकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "माझ्या बहिणीला नैराश्याचा आजार आहे. तिचे उपचार आजपासून पुन्हा सुरू होतील, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. कुणाला झाडपाला घ्यायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा; काही मुळ्यांचं गोळ्यांशी पटत नाही. आणि चालू गोळ्या मनानं बंद करू नका."

काजवाल्या बाई उठल्या आणि बहिणीच्या शेजारी येऊन बसल्या.

"कुठे बसतात गं तुझ्या डॉक्टरीणबाई?" त्यांनी विचारलं. "मलाही जायचंय."